तीन टाक्या हवा

माझी थोरली बहीण लुमिंग हिने सत्तावीस वर्षांपूर्वी पोल्दो माकातांगायशी लग्न केलं आणि तेव्हापासून मी वैतागलेला आहे. माणूस वाईट असता तर एकदा कडाडून भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. पण पोल्दो दारू पिऊन धिंगाणा घालत नाही, कोंबड्यांच्या झुंजीला जात नाही, सासूचा वाढदिवस विसरत नाही. त्याच्यात खोट एकच. त्याला 'नाही' म्हणता येत नाही. देवाने त्याच्या तोंडात सगळे शब्द भरले आणि हा एक बहुधा खाली सांडला.

पोल्दो जीपनी चालवतो. खाली समुद्रकिनाऱ्यावरच्या आमच्या गावातून वर बाजारपेठेपर्यंत आणि परत. गाडीत समोरासमोर दोन लांब बाकं, एकेका बाकावर नऊ, म्हणजे अठरा माणसं. हे कागदावर. रस्त्यात कुणी हात केला की हा ब्रेक मारतो आणि मान मागे वळवून ओरडतो, "सरका, सरका, अजून एक मावतोय!" हा एक म्हणजे कधी मासळीची टोपली घेतलेली नानाय चोलेंग, कधी तांदळाची दोन पोती, कधी दोरीला बांधलेलं डुक्कर. एकदा तर त्याने उलट दिशेला जाणारा माणूस गाडीत घेतला. "उन्हात उभा होता बिचारा," म्हणे.

घरीही तेच. लुमिंगच्या लग्नातल्या चपला अकरा वर्षं समोरच्या घरात आहेत. शेजारच्याची म्हैस पोल्दोच्या अंगणात बांधलेली असते, कारण शेजाऱ्याच्या अंगणात शेजाऱ्याच्या साडूची म्हैस असते.

गाडीच्या कपाळावर मोठ्या अक्षरांत 'राणी लुमिंग' असं रंगवलंय आणि बाजूला माझ्या बहिणीचं मुकुट घातलेलं चित्र. चित्र काढणाऱ्याने मुकुटावर फार मेहनत घेतली, चेहऱ्यावर कमी. पण खरी रड चित्राची नव्हती, इंजिनाची होती. ते इंजिन जपानातल्या कुठल्याशा ट्रकमध्ये एक पूर्ण जन्म काढून आमच्याकडे दुसऱ्या जन्माला आलेलं. सपाटीवर ठीक चालायचं. पण गाव आणि बाजारपेठ यांच्यामध्ये म्हशीचा चढ आहे. एके काळी तिथे म्हशीसुद्धा बसून घ्यायच्या, म्हणून ते नाव. त्या चढावर राणी लुमिंग खोकायला लागायची, मागून डांबरासारखा काळा धूर निघायचा, आणि चढाच्या कडेच्या बायका आमची गाडी खालच्या वळणावर दिसली की धावत जाऊन वाळत घातलेले कपडे काढायच्या.

एप्रिलमध्ये या चढावर गाडी एका आठवड्यात तीनदा बंद पडली. तिसऱ्या वेळी आत नवरी होती. पांढऱ्या झग्यातली, पायघोळ, डोक्यावर जाळीचा पदर. ती उतरली, झगा गुडघ्यापर्यंत वर धरला आणि चर्चपर्यंत चालत गेली. मागून पोल्दो तिच्यावर छत्री धरून, माफी मागत, पार वेदीपर्यंत. फोटोत तोही आलाय.

नवरी निघाली आमच्या चालक-संघटनेच्या अध्यक्षांची पुतणी. अध्यक्ष आबुंदियो, सगळ्यांचे 'प्रेसिदेंते', म्हणजे पोट पुढे, शिट्टी गळ्यात. त्यांनी पोल्दोला बोलावून घेतलं. मी सोबत होतो.

"पोल्दो, तू चांगला माणूस आहेस," आबुंदियो म्हणाले. आमच्याकडे वाईट बातमी याच वाक्याने सुरू होते. "पण नियम म्हणजे नियम. जत्रेच्या दिवशी सकाळी नऊला भरल्या गाडीनं चढ चढून दाखवायचा. अठरा माणसं. मध्ये थांबायचं नाही, कुणी उतरायचं नाही. जमलं तर बाजाराची लाईन तुझी. नाही जमलं तर तुझा नंबर दुसऱ्याला, आणि तू किनाऱ्याच्या रस्त्यावर."

किनाऱ्याच्या रस्त्यावर दिवसभरात प्रवासी म्हणजे दोन शेळ्या आणि पोस्टमन, आणि पोस्टमनकडे स्वतःची मोटरसायकल आहे. बाजाराची लाईन पोल्दोच्या बापाने चालवली होती. घर त्या लाईनीवर उभं होतं. तीन दिवस पोल्दो कुणाशी बोलला नाही. कुणी काही मागितलं तर मुकाट्याने देत होता, एवढंच.

चौथ्या दिवशी तो माझ्या कामावर आला. मी समुद्रात बुड्या मारायला येणाऱ्या पाहुण्यांच्या रिसॉर्टवर काम करतो. पाहुणे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली मासे बघायला जातात, आणि त्या टाक्यांमध्ये कॉम्प्रेसरने हवा ठासून भरणं हे माझं काम. पोल्दो तासभर बसून बघत राहिला.

"बायाव," तो म्हणाला. बायकोचा भाऊ म्हणून तो मला बायावच म्हणतो. "या एका टाकीवर माणूस पाण्याखाली किती वेळ जगतो?"

"तासभर. शांत असला तर. घाबरट असला तर अर्धा तास."

"आणि माझं इंजिन?"

"तुझं इंजिन कशाला पाण्याखाली जातंय?"

"अरे, काळा धूर कशामुळे येतो? डिझेल पोटात जातंय, पण ते जाळायला हवा पुरत नाही म्हणून. चढावर त्याला धाप लागते. धाप लागलेल्याला काय देतात? हवा!"

मला राग याचाच आला की बोलणं बरोबर होतं. मी हिशोब केला. इंजिन केवढं, मिनिटाला फिरतं किती, एका फेरीला ओढतं किती. दोनदा केला, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही.

"वीस सेकंद," मी म्हणालो.

"काय वीस सेकंद?"

"माणूस तासभर पुरवतो ती हवा तुझं इंजिन वीस सेकंदांत पिऊन टाकेल."

पोल्दोने बोटांवर मोजलं. "घाबरट आहे ते," तो म्हणाला. "पण चढाचा वाईट तुकडा मिनिटभराचाच आहे. तीन टाक्या."

रंग उडालेल्या तीन टाक्या आमच्याकडे होत्या. पोलाद ठणठणीत, पण पाहुण्यांच्या फोटोत वाईट दिसतात म्हणून मागे पडलेल्या. मालकीणबाईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, "पोल्दोसाठी? घेऊन जा. त्यानं माझ्या आईला दर रविवारी फुकट चर्चला नेलंय." हे असं असतं. त्याच्यावर चिडावं तर गावात चिडायला सोबत कुणी मिळत नाही.

मग तीन आठवडे माझ्या सुट्टीचं वाटोळं झालं. टाक्या आम्ही मागच्या बाकाखाली आडव्या बांधल्या. तिथून एक जाड नळी पुढे इंजिनाच्या हवा ओढायच्या तोंडात. पोल्दोच्या उजव्या हाताशी एक तोटी. ती उघडली की साठवलेली हवा जोरात आत. पण अडचण अशी की आत सोडलेली हवा त्याच तोंडातून बाहेर पळायची. म्हणून तिथे एक पडदी हवी होती, एका बाजूलाच उघडणारी. पोल्दोने ती रबरी चपलेच्या तळव्यातून कापली. लुमिंगच्या चपलेतून.

"माझीच चप्पल का?" लुमिंग.

"तुझा तळवा मऊ आहे गं."

"माझा तळवा की चपलेचा?"

"दोन्ही," पोल्दो म्हणाला, आणि ती हसली. सत्तावीस वर्षं हे असंच चाललंय, आणि मी बाजूला पान्हा धरून उभा.

पहिल्या चाचणीत त्याने तोटी एकदम पूर्ण उघडली. बंदूक उडावी तसा आवाज झाला, नळी सुटली, चपलेचा तुकडा अंगण ओलांडून शेजाऱ्याच्या कोंबड्याला लागला. कोंबडा दोन दिवस आरवला नाही. तिसरा दिवस पोल्दोने त्याची माफी मागण्यात घालवला. शेजाऱ्याची नव्हे, कोंबड्याची. मग आम्ही दाब बांधून ठेवणारी झडप बसवली, नळी दुहेरी पट्ट्यांनी आवळली, आणि रिकामी गाडी म्हशीच्या चढाला लावली.

मी खोटं बोलत नाही. तोटी उघडताच राणी लुमिंगचा खोकला थांबला. मागचा काळा धूर आधी करडा झाला, मग दिसेनासा झाला, आणि ती म्हातारी गाडी उसळी मारून वर निघाली. मी बाकावरून मागे पडलो. दाबातली हवा सुटताना गार होते, त्यामुळे मे महिन्याच्या त्या भाजणाऱ्या दुपारी नळीवर पांढरं हिव जमलं होतं. वर पोचल्यावर पोल्दोने आपली सरबताची बाटली त्या नळीला टेकवून ठेवली, आणि मला म्हणाला, "बायाव, हिला एसी पण लागला!"

तेव्हा मला वाटलं होतं की आपण जिंकलो.

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी मी तिन्ही टाक्या काठोकाठ भरून गाडीत बांधल्या आणि पोल्दोला बजावलं, "हात लावायचा नाही." सकाळी आठला गेलो तर पोल्दोच्या अंगणात रांग. खरीखुरी रांग.

सगळ्यात पुढे बांबूवर डुक्कर भाजणारा इस्को. त्याचे निखारे विझत आले होते, म्हणून आमच्या टाकीची नळी निखाऱ्यांवर धरलेली. त्याच्या मागे बास्केटबॉलचे पाच चेंडू घेतलेला एक संघ. त्यानंतर चर्चच्या बायका, कारण मिरवणुकीतल्या संताच्या मूर्तीवर वर्षभराची धूळ बसलेली. धूळ त्यांनी उडवून झाली होती. धुळीबरोबर संताची टोपीही उडाली होती आणि ती आता छपरावर होती.

"कुया पोल्दो!" मी ओरडलो. एवढा चिडलो तरी तोंडात 'कुया' येतंच. थोरल्याला नुसत्या नावाने हाक मारायची सवय आईने लावली नाही. "हे काय चाललंय?"

"आज सगळं बंद आहे रे. हवा भरणारासुद्धा जत्रेत. म्हणून आले बिचारे."

"आणि तू दिलीस?"

"अरे, त्यांनी तांदूळ मागितले असते, तेल मागितलं असतं, तर घरात बघून सांगितलं असतं. हवा मागितली! हवेला नाही कसं म्हणायचं? लोक काय म्हणतील, पोल्दो हवासुद्धा देत नाही?"

मी काटे बघितले. दोन टाक्या रिकाम्या. तिसरी शाबूत होती, ती केवळ तिची चावी माझ्या खिशात राहिली होती म्हणून.

"रिसॉर्टवरून पुन्हा भरून आणायला दोन तास लागतील," मी म्हणालो. "परीक्षा नऊला आहे!"

"एक आहे ना?" पोल्दो म्हणाला. "जपून वापरू."

जपून. काट्यांवरून नजर वर केली तर गाडीत सगळा गाव बसलेला. ज्यांनी हवा नेली ते सगळे, उपकाराची फेड म्हणून, पोल्दोला धीर द्यायला. नानाय चोलेंग वर गेल्यावर खायला म्हणून पान्सितची, म्हणजे परतलेल्या शेवयांची, भली मोठी परात मांडीवर घेऊन. मी म्हणालो, "कुया, अठराच हवेत. बाकीच्यांना उतरव."

पोल्दोने मागे वळून बघितलं. सगळ्यांनी हात हलवले. तो म्हणाला, "सरका जरा, सेलोला पण बसू द्या."

सेलो म्हणजे मी.

पुढचं काय सांगू. निम्म्यापर्यंत गेलो. तोटी उघडली, वीस सेकंद स्वर्ग, मग टाकीने सुस्कारा टाकला, खोकला सुरू झाला, धूर, आणि राणी लुमिंग चढाच्या बरोबर मध्यावर बसली. मी उडी मारून चाकामागे दगड लावला. वरून आबुंदियो शिट्टी वाजवत खाली चालत आले, मागच्या दाराशी उभे राहिले आणि उतरणारी माणसं मोजू लागले.

"सोळा, सतरा, अठरा... एकोणीस..." त्यांचा आवाज चढत गेला. "सत्तावीस! आणि परात! पोल्दो, नियमात अठरा लिहिलंय!"

"नऊ पाहुणे होते," पोल्दो म्हणाला.

"जीपनीत पाहुणे?"

मी मध्ये पडलो. "प्रेसिदेंते, नियमात अठरा आहेत म्हणजे ही परीक्षा झालीच नाही. दुपारी तीनला अठरा माणसांनी घ्या." आबुंदियोंनी पोट खाजवलं, डुकराच्या वासाच्या दिशेला बघितलं आणि कबूल झाले. त्यांनाही जेवायचं होतं. "पण तीनची शेवटची," ते म्हणाले. "पुन्हा अर्ज-विनंत्या नकोत."

जत्रेचं जेवण सगळा गाव जेवला. मी सोडून. मी दोन तास कॉम्प्रेसरजवळ घाम गाळत बसलो, तिन्ही टाक्या भरल्या, अडीचला परत आलो. या वेळी गाडीच्या दारात लुमिंग हातात लाकडी डाव घेऊन उभी होती. ती माणसं मोजून आत सोडत होती आणि एकोणिसाव्याने पाय उचलला की डाव उचलत होती. मी म्हणालो, आता काही चिंता नाही.

तेवढ्यात आबुंदियो आले. घाम पुसत.

"पोल्दो, बरं झालं भेटलास. माझ्या गाडीचा टायर बसलाय. टायरवाला जेवून आडवा झालाय, उठवला तरी उठत नाही. मला परीक्षा घ्यायला वर जायचंय. जरा हवा दे रे तुझ्या टाकीतली."

अंगावर काटा येणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. लुमिंगचा डाव अर्ध्यावर थांबलेला. परीक्षा घेणारा माणूस परीक्षेची हवा मागत होता.

पोल्दो माझ्या कानाशी आला. "किती जाईल?"

"दोन सेकंदांची."

"दोनच? दोन सेकंदांत काय होतं?"

"दहा पावलं," मी म्हणालो. "चढावर दहा पावलं. शेवटची दहा."

पोल्दोने चढाकडे बघितलं. मग आबुंदियोंकडे. मग गाडीच्या कपाळावरच्या त्या चित्राकडे. त्याचं तोंड मासळीसारखं उघडलं, मिटलं, उघडलं.

"ना..." तो म्हणाला.

"काय?" आबुंदियो.

"नाही." इतकं हळू की लुमिंगने विचारलं, "काय म्हणालास?" तेव्हा घाबरून तो ओरडलाच, "नाही! नाही देणार! वर पोचल्यावर मागा! आत्ता नाही!" आणि टोपी काढून छातीशी धरली, जणू कुणी गेलं होतं.

आबुंदियो त्याच्याकडे बघत राहिले. चर्चच्या भिंतीने उलट उत्तर दिलं असतं तरी ते एवढे चपापले नसते. कुणी श्वास घेत नव्हतं. हवेची तेवढीच बचत.

"बरं," आबुंदियो शेवटी म्हणाले. "मग मी वर कसा जाऊ?"

"यातूनच," लुमिंग म्हणाली. "इस्को, उतर. अठरावे प्रेसिदेंते."

"पण मी..." इस्को.

डाव वर गेला. इस्को उतरला.

आणि निघालो. मी मागे, टाक्यांच्या चाव्यांवर. पहिलं वळण नुसत्या इंजिनावर काढलं. धूर यायला लागताच पोल्दोने तोटी फिरवली. पहिली टाकी. नळी पांढरी पडली, गाडीने दम धरला. दुसरी. चढाच्या कडेच्या बायका कपडे काढायला धावल्या आणि धूरच नाही म्हणून तशाच उभ्या राहिल्या. सकाळी गाडी जिथे बसली होती तिथेच माझा दगड पडलेला दिसला. तो मागे गेला. आबुंदियो दोन्ही हातांनी छताची दांडी धरून बसलेले, शिट्टी तोंडात, पण वाजवायची विसरलेले. तिसरी टाकी. चिंचेचं झाड, चर्चचा कळस, आणि गाडी एकदम हलकी झाली, पुढची चाकं सपाटीवर आली. आत असा गलका उठला की वरच्या बाजारातली माणसं बघायला आली.

आबुंदियो उतरले. "लाईन तुझी," ते म्हणाले, आणि पोल्दोची पाठ थोपटून पान्सित कुठे मिळतंय ते बघायला गेले. मला वाटलं पोल्दो रडेल, नाचेल, निदान मला मिठी तरी मारेल. तीन आठवडे पान्हा कुणी धरला होता?

तो मागे आला, वाकला, आणि तिसऱ्या टाकीचा काटा बघितला.

"दोनशेपैकी चाळीस," तो म्हणाला. "उरली."

"उरली! बघितलंस? माझा हिशोब!"

"बायाव, चार सेकंदांची हवा उरली." त्याचा चेहरा पडला. "पुरली असती. त्यांना दिली असती तरी पुरली असती. तुझ्या हिशोबापायी मी एका माणसाला हवा नाकारली."

"अरे, लाईन वाचली!"

"वाचली ना. मग आता चल."

"कुठे?"

"खाली. त्यांचा टायर बसलाय."

"कुया, ते वर आहेत, पान्सित खाताहेत! टायर खाली आहे!"

"म्हणूनच. त्यांना कळायच्या आत भरून टाकू. सोड ती टाकी."

"गाडीने तरी जाऊ."

"गाडी बाजाराच्या रांगेत लावलीय. आज पहिल्यांदा पहिला नंबर आलाय. रांग सोडून कशी जाईल?"

चौदा किलोची टाकी असते ती. मी सकाळपासून उपाशी होतो. मी खूप बोललो, घरच्या दोन-तीन पिढ्या काढल्या, लुमिंगने डाव दाखवला तरी थांबलो नाही, आणि बोलता बोलता टाकी सोडवून खांद्यावर घेतली. पोल्दो हातात नळी गुंडाळून पुढे, मी मागे. म्हशीचा चढ उतरताना मध्यावर एक माणूस पंक्चर सायकल धरून उभा होता. त्याने अजून तोंडही उघडलं नव्हतं, आणि पोल्दो त्याला लांबूनच म्हणत होता, "थांब, थांब, आलोच."